जीडीपी वाढला की कार्बन वाढणारच का?

प्रश्न एम.ए. अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा आहे. तो म्हणतो, "आलेख काढला की जीडीपी आणि कार्बन उत्सर्जन जोडीनंच वर जाताना दिसतात. युरोपातल्या काही देशांनी ही जोडी फोडली असं वाचतो. ते खरं आहे, की कारखाने आशियात पाठवून केलेला हिशेब आहे? आणि भारताला विकास न थांबवता उत्सर्जन कमी करता येईल का?"

मी अर्थतज्ज्ञ नाही, एनर्जी ऑडिटर आहे. फाउंड्री, सूतगिरणी, सिमेंट, साखर अशा कारखान्यांतल्या भट्ट्या, बॉयलर आणि कंप्रेसर तपासणं हे माझं काम. त्यामुळे उत्तर कारखान्याच्या दारातून देणार आहे, सिद्धांत लागतील तेवढेच घेईन.

जीडीपी वाढला की कार्बन वाढलाच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही. ब्रिटननं करून दाखवलंय. त्यातलं बरंचसं खरं आहे, काही हिशेबाच्या वहीतलं आहे. भारतात आज तिसरंच काहीतरी चाललंय: दर रुपयामागचा कार्बन कमी होतोय आणि तरी एकूण कार्बन वाढतोय. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं, तिथून सुरुवात करू.

कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीतल्या इंडक्शन फर्नेसच्या (विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीच्या) फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. कारभार ढिला असेल तिथे ७०० च्या पुढे. वरचे शंभर युनिट जातात कुठे? भट्टीवर झाकण नसतं. रनर-रायझर, म्हणजे ओतताना वाटेत गोठलेलं जादा लोखंड, परत भट्टीत टाकताना त्याला चिकटलेली वाळू झाडलेली नसते. ती वाळू लोखंडाबरोबर तापते, स्लॅग (मळी) होऊन वर येते आणि फुकटची वीज खाते. पण सगळ्यात मोठा चोर म्हणजे खोळंबा. धातू तयार आहे, पण त्यात काय किती आहे ते सांगणारा स्पेक्ट्रोचा रिपोर्ट आलेला नाही, किंवा मोल्डिंगकडे साच्यांचे बॉक्स तयार नाहीत. तोवर चौदाशे-पंधराशे अंशांवर धातू नुसता धरून ठेवायचा आणि मीटर फिरू द्यायचा. कंप्रेस्ड एअरचीही तीच गत. सात किलो प्रेशरच्या लाईनला तीन मिलिमीटरचं एक भोक असलं तर कंप्रेसरवर साधारण तीन किलोवॉटचा बोजा चढतो. कारखाना वर्षाला आठ हजार तास चालत असेल, तर त्या एका भोकातून चोवीस हजार युनिट जातात. अशी भोकं कोणत्याही शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत नुसती कानानं सापडतात.

आता समजा मालकानं हे सगळं मनावर घेतलं. आकडे सोपे करून सांगतो. टनाला ७०० युनिट लागत होते, ते ६०० वर आले. विजेचं बिल उतरलं, कास्टिंग स्वस्त पडायला लागलं, पुण्याच्या गाडीवाल्यांकडून वाढीव ऑर्डर मिळाली. महिन्याला ४०० टनांच्या जागी ६०० टन माल निघू लागला. आधीची वीज २,८०,००० युनिट, आताची ३,६०,०००. टनामागे चौदा टक्के बचत, आणि महावितरणचं बिल सव्वापटीपेक्षा जास्त. मालक खूश, माझा अहवालही खोटा नाही, आणि वातावरणात जाणारा कार्बन वाढलेला.

१८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कोळशाबद्दल नेमकं हेच लिहून ठेवलंय. वाफेचं इंजिन सुधारलं म्हणून ब्रिटनचा कोळसा वाचला नाही, उलट जास्त ठिकाणी इंजिनं परवडू लागली आणि कोळसा जास्त जळाला. दर वेळी असंच होतं असं मात्र नाही. घरात एलईडी बल्ब लावला म्हणून कोणी दिवसा दिवे लावून बसत नाही. उजाला योजनेत २०१५ पासून ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, त्यातली बरीचशी बचत टिकली. भूक भागलेली असते तिथे बचत टिकते, भूक बाकी असते तिथे ती जेवणात जाते. भारताची विजेची भूक अजून पुष्कळ बाकी आहे: दरडोई वापर २०२३-२४ मध्ये १,३९५ युनिट होता, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी.

हाच हिशेब देशाला लावायचा तर काया यांचं सूत्र घ्या. योइची काया हे जपानी ऊर्जा-अर्थतज्ज्ञ. त्यांच्या मांडणीत एकूण उत्सर्जन म्हणजे चार गोष्टींचा गुणाकार: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या एका रुपयामागे लागणारी ऊर्जा, आणि त्या ऊर्जेच्या एका एककामागे सुटणारा कार्बन. हे सूत्र काही सिद्ध करत नाही, ती एक नित्यसमानता आहे, म्हणजे व्याख्येनंच नेहमी खरी. पण वाद कुठे घालायचा ते दाखवतं. पहिल्या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे जीडीपी. तो वर्षाला साडेसहा टक्क्यांनी वाढत असेल, तर उरलेल्या दोघांनी मिळून वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या आसपास खाली यायला हवं, तेव्हा कुठे उत्सर्जन जागेवर थांबेल. कमी होणं त्याच्या पुढचं. सगळा खेळ या दोन दरांच्या शर्यतीचा आहे. विकास विरुद्ध पर्यावरण या मोठाल्या शब्दांत तो हरवून जातो.

भारताचे अधिकृत आकडे या चौकटीत बसवून बघा. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनं संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात जीडीपीच्या एककामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटलं. पंधरा वर्षांत विभागलं की वर्षाला जेमतेम तीन टक्के. त्यातलं शेवटचं वर्ष कोविडचं होतं, हेही लक्षात असू द्या. अर्थव्यवस्था त्या काळात बहुतेक वर्षं सहा-सात टक्क्यांनी वाढत होती. सहा वजा तीन. एकूण उत्सर्जन वर्षाला साधारण तीन टक्क्यांनी वाढत राहिलं, यात आश्चर्य काही नाही. आज इंधन आणि सिमेंटमधून मिळून आपण वर्षाला सुमारे ३०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. दरडोई बघाल तर सुमारे दोन टन. जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आणि अमेरिकेची चौदाच्या घरात.

पुढचा हिशेब वर्तमानपत्रात सहसा येत नाही. २०२२ मध्ये भारतानं आपलं उद्दिष्ट वाढवलं: २००५ च्या तुलनेत २०३० पर्यंत उत्सर्जन तीव्रतेत, म्हणजे जीडीपीच्या एककामागच्या या उत्सर्जनात, ४५ टक्के घट. ३६ टक्के २०२० मध्येच झाली होती. म्हणजे २००५ चे १०० धरले तर ६४ वरून ५५ वर यायला दहा वर्षं. वर्षाला दीड टक्का पुरतो! जीडीपी साडेसहानं वाढला आणि तीव्रता दीडनं घटली, तर उत्सर्जन वर्षाला जवळजवळ पाच टक्क्यांनी वाढूनही आपण उद्दिष्ट गाठलं असं अभिमानानं सांगू शकतो. यात फसवणूक नाही. दोन टन दरडोईच्या देशानं एकूण उत्सर्जनावर मर्यादा का घालून घ्यावी, ही आपली जुनी भूमिका आहे आणि मला ती रास्तच वाटते. पण 'तीव्रता घटली' हे वाक्य वाचून 'कार्बन घटला' असं समजणारे प्राध्यापक मी पाहिलेत, म्हणून सांगितलं.

तीव्रतेच्या आकड्यात आणखी एक गोम आहे. हिंजवडीत कोणी सॉफ्टवेअर लिहून परदेशी बिल लावलं की जीडीपी वाढतो आणि तीव्रता कमी दिसते. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात मात्र एक किलो कोळसा कमी जळालेला नसतो. भागाकारात खालचा आकडा फुगला, एवढंच. आणि उलटंही होतं. चुलीवर लाकूड जाळणारं घर गॅसवर आलं की बाईच्या फुप्फुसांतला धूर जातो, पण ऊर्जेच्या हिशेबात लाकडाचा कार्बन धरत नाहीत आणि सिलिंडरचा धरतात. उज्ज्वला योजनेनं २०१६ पासून दहा कोटींवर घरांत गॅसजोडणी दिली, वहीत कार्बन वाढला. असा कार्बन वाढला तर वाढू द्यावा.

आता ब्रिटन. १९९० ते २०२३ या काळात त्यांच्या देशाच्या हद्दीतलं हरितगृह वायूंचं उत्सर्जन निम्म्यावर आलं, आणि त्याच काळात अर्थव्यवस्था पाऊणपटीहून जास्त वाढली. ही फारकत कागदी नाही. नव्वदच्या दशकात उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू आला आणि त्यानं वीजकेंद्रांतला कोळसा हटवला. २०१२ मध्येसुद्धा त्यांची चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती. २०१३ पासून सरकारनं कार्बनला किमान किंमत लावली, समुद्रातल्या पवनचक्क्या वाढत गेल्या, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. लंडनमध्ये १८८२ साली होबर्न व्हायाडक्टला कोळशावरची पहिली सार्वजनिक वीज सुरू झाली होती. त्याच देशानं १४२ वर्षांनी ते दुकान मिटलं. इथे जिंकण्याचं गणित सोपं होतं, कारण जीडीपी वर्षाला दोनेक टक्क्यांनीच वाढत होता आणि विजेची मागणी तर घटत होती. तीव्रता तीन-चार टक्क्यांनी उतरली की काम झालं. आपण वर्षाला जवळजवळ तीन टक्के उतरवतो आणि तरी शर्यत हरतो. त्यांचं तेवढ्यात भागलं असतं.

'कारखाने आशियात पाठवले' या आरोपाचं काय? त्याच ३० सप्टेंबर २०२४ ला वेल्समध्ये पोर्ट टॅल्बटची शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे खनिजातून लोखंड काढणारी भट्टी, हीसुद्धा विझवली गेली. ती टाटा स्टीलची. आणि दहाच दिवस आधी, २० सप्टेंबरला, याच मुंबईच्या कंपनीनं ओडिशात कलिंगनगरला भारतातली सर्वांत मोठी ब्लास्ट फर्नेस पेटवली, ५,८७० घनमीटरची. वेल्सची भट्टी उचलून ओडिशात आणली असं यातून काढू नका. कलिंगनगरचा विस्तार भारतातल्या मागणीसाठी आहे, आणि पोर्ट टॅल्बटला जुन्या भट्टीच्या जागी भंगार वितळवणारी इलेक्ट्रिक आर्क फर्नेस येते आहे. पण दोन्ही घटना एकाच महिन्यात घडल्या की नकाशावर काय चाललंय ते दिसतं. ज्या देशानं दीडशे वर्षं पोलाद ओतलं, त्याच्याकडे वितळवायला भंगार आहे. रूळ, पूल, गाड्या, मोडकी यंत्रं. आपल्याकडे दरडोई पोलाद वापर वर्षाला शंभर किलोच्या आसपास, जगाच्या सरासरीच्या निम्मा. आपलं भंगार अजून पुलांमध्ये उभं आहे, काही पूल तर अजून बांधायचे आहेत. त्यामुळे आपल्याला खनिजातूनच लोखंड काढावं लागतं, आणि त्याला कोक, म्हणजे भाजून घेतलेला दगडी कोळसा, लागतो.

अर्थतज्ज्ञांनी आयात मालातला कार्बन मोजून ब्रिटनचा दुसरा हिशेबही मांडलाय. तोही घटलेला दिसतो, पण हद्दीतल्या हिशेबाइतका नाही. म्हणजे आरोप अर्धामुर्धा खरा. कार्बन असा हद्दीबाहेर जाण्याच्या या गळतीवर युरोपियन संघानं काढलेला उपाय म्हणजे सीमेवरचा कार्बन कर, सीबॅम. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती भरायची होती, १ जानेवारी २०२६ पासून पैसे मोजायचा टप्पा सुरू झाला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं यांच्या यादीत नट-बोल्ट आणि पाईप-फिटिंगसुद्धा आहेत. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी कार्बन मोजला नव्हता असे छोटे निर्यातदार आता फोन करून विचारतात, 'साहेब, किलोला किती कार्बन लिहायचा?' पर्यावरण दिनाच्या भाषणांनी जे जमलं नाही ते खरेदीदाराच्या एका एक्सेल शीटनं केलं.

त्या शीटमध्ये एक प्रश्न हमखास असतो: वीज कुठली? इथे फाउंड्रीत परत येऊ, कारण भारताचं उत्तर या एका प्रश्नात आहे. जुन्या पद्धतीची क्युपोला भट्टी कोकवर चालते. टनाला १३० किलो कोक धरा, त्यात ८० टक्के कार्बन. जळून होतात सुमारे ३८० किलो कार्बन डायऑक्साइड. ती काढून इंडक्शन फर्नेस बसवली, टनाला ६०० युनिट. आपल्या ग्रिडच्या (देशभरच्या वीजजाळ्याच्या) एका युनिटमागे आज सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे ४२० किलो. काजळी गेली, शेजारच्या वस्तीची तक्रार मिटली, धातूचं केमिस्ट्री नियंत्रण सुधारलं, आणि कार्बन थोडा वाढलाच! काही जण हा हिशेब दाखवून विद्युतीकरणाची खिल्ली उडवतात. ते चुकतात. क्युपोलाचे ३८० किलो आणखी वीस वर्षांनीही फारसे हलणार नाहीत, कोक म्हणजे कोक. इंडक्शनचा आकडा मात्र मालकानं बोटही न लावता खाली येत राहील, जर ग्रिड स्वच्छ होत गेलं तर.

ग्रिड स्वच्छ होतंय का? २०२५ च्या मध्याला भारताच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं गेलं. त्याआधी नुकत्याच संपलेल्या २०२४-२५ या वर्षात देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांपुढे गेलं. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. क्षमता मेगावॉटमध्ये मोजतात आणि वीज युनिटमध्ये. एक मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला साधारण १६ लाख युनिट देतो, कारण सूर्य रात्री नसतो आणि पावसाळ्यात नावापुरता असतो. कोळशाचं एक मेगावॉट सत्तर टक्के भारावर चाललं तर ६० लाखांच्या वर. म्हणून क्षमता निम्मी-निम्मी असली तरी सत्तर टक्क्यांहून जास्त वीज अजून कोळशाचीच.

आता या प्रश्नाच्या गाभ्याचं गणित. देशात वर्षाला साधारण १,८०,००० कोटी युनिट वीज तयार होते. मागणी सहा टक्क्यांनी वाढली तर दरवर्षी जवळपास ११,००० कोटी युनिट नवे लागतात. २०२४-२५ मध्ये सुमारे २४,००० मेगावॉट सौर क्षमता वाढली. गुणिले १६ लाख: ३,८४० कोटी युनिट. पवन, जल, अणू मिळून आणखी थोडं. उरलेली भूक कोळशानं भागवली. सौर भर वर्षाला ६०,००० मेगावॉटच्या आसपास गेली, तर नवी मागणी जवळजवळ सगळी कोळशाशिवाय भागेल आणि कोळशाची वीज वाढायची थांबेल. अडीच पट वेग. हे स्वप्नरंजन नाही, हा वेग टप्प्यात आहे. २०२५ मध्ये पाऊस लवकर आला, उन्हाळा सौम्य गेला, मागणी फारशी वाढली नाही, आणि कोळशाची वीज आदल्या वर्षापेक्षा चक्क कमी झाली. हवामानाची मेहेरबानी होती हे मान्य. पण पाच-सात वर्षांपूर्वी असाच सौम्य उन्हाळा आला असता तर एवढ्यावर भागलं नसतं.

अडचण संध्याकाळी सहानंतरची आहे. दुपारी सौर वीज उतू जाते आणि दिवेलागणीला कोळशाची वीजकेंद्रं धापा टाकत वर चढतात. यावर बॅटरी आहे, पाणी वर चढवून ठेवायचे पंप्ड स्टोरेज प्रकल्प आहेत, सह्याद्रीत त्याला जागा भरपूर. पण सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मागणीच दिवसा आणणं. महाराष्ट्रानं शेतीच्या बाबतीत हे केलंय. शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं रात्रीची वीज मिळायची, अंधारात विंचू-साप-बिबट्याला तोंड देत दारं धरायची. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला: गावाजवळच्या जागेवर सौर प्रकल्प, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला), दिवसा. यात कोणी कार्बनसाठी मोर्चा काढला नव्हता. मागणी होती दिवसा पाणी देता यावं एवढीच. पण शेतीची वीज रात्रीच्या कोळशावरून दुपारच्या उन्हावर आली की पिकाला पाणी तेवढंच आणि कार्बन जवळजवळ शून्य. भूजलाची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागेल. फुकटच्या उन्हावर चालणारी मोटर बंद करायला कोणालाच घाई नसते.

उद्योगांसाठी केंद्रानं २०२३ च्या नियमांत सौर तासांत वीज स्वस्त आणि संध्याकाळी महाग अशी दररचना आणली. भट्टीवाल्यानं रात्रीच्या हीट (धातू वितळवण्याच्या फेऱ्या) दुपारी आणल्या की त्याचे पैसे वाचतात. रात्रपाळी स्वस्त, हे दोन पिढ्यांचं शहाणपण उलटं झालंय, आणि जुन्या मालकांना ते पचायला वेळ लागतोय.

या विद्यार्थ्याच्या प्रबंधात पर्यावरणीय कुझनेट्स वक्र येणारच, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. उत्पन्न वाढताना आधी प्रदूषण वाढतं आणि एका पातळीनंतर आपोआप घटतं, हे गंधकाच्या धुराला बऱ्यापैकी लागू पडलं. लंडनमध्ये १९५२ च्या धुरक्यात माणसं मेली, लोक चिडले, कायदा झाला. कार्बन डायऑक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि त्याचा त्रास सोडणाऱ्याच्या दारात होत नाही, त्यामुळे 'आपोआप' इथे चालत नाही. फ्रान्स आणि जर्मनी बघा. राहणीमान जवळपास सारखं, पण दरडोई कार्बन फ्रान्सचा बराच कमी. का, तर १९७४ मध्ये तेलाच्या भडक्यानंतर फ्रान्सनं अणुवीज केंद्रांचा धडाका लावला. हवामानबदलाचा विचारही तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हता. उत्पन्नाच्या पातळीनं हे ठरवलं नाही, एका सरकारी निर्णयानं ठरवलं.

'मग विकासच थांबवा' म्हणणाऱ्यांसाठी २०२० पुरेसं आहे. विमानं जमिनीवर, रस्ते ओस, लाखोंचे रोजगार गेले, आणि जगाचं कार्बन उत्सर्जन घटलं किती? पाच टक्क्यांच्या आसपास. पंचाण्णव टक्के चालूच होतं, कारण घरांतले दिवे, रुग्णालयं, ब्लास्ट फर्नेस आणि वीजकेंद्रं तीच होती. पुढच्याच वर्षी आकडा परत वर. मोटर तीच ठेवून गाडी हळू चालवली तर तेल थोडं कमी लागतं, बंद होत नाही. श्रीमंत देशांनी आपला उपभोग आवरावा की नाही, तो वाद त्यांनी जरूर घालावा. दरडोई दोन टनांच्या देशात तो वाद मला चैनीचा वाटतो.

वीज सुटणारं कोडं आहे. खरं अवघड जागेचं दुखणं सिमेंट आणि पोलाद. सिमेंटचा क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचे भाजलेले खडे, करताना चुनखडी भाजतात, आणि शंभर किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो. भट्टी उद्या उन्हावर चालवली तरी तो सुटणारच. त्यावर आजचा व्यवहारी उपाय म्हणजे क्लिंकर कमी घालणं, आणि त्यात भारत पुढे आहे, कारण त्याच्या जागी मिसळायला आपल्याकडे फ्लाय ॲश, म्हणजे वीजकेंद्रातली कोळशाची राख, मुबलक. चंद्रपूर जिल्ह्यात वीजकेंद्राची राख आणि सिमेंटचे कारखाने शेजारी-शेजारी आहेत. पण ही राख कोळशाची. कोळसा बंद होत गेला की सिमेंटचा हा स्वस्त मार्गही आटत जाणार, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पोलादात आपला आकडा टनामागे अडीच टन कार्बन डायऑक्साइडच्या आसपास, जगाचा दोनहून थोडा कमी. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयानं हरित पोलादाची व्याख्या केली: २.२ टनांच्या आत असेल तर हरित म्हणायचं. ही पट्टी सैल आहे, पण पट्टी असणं ही सुरुवात आहे. इथे खरा प्रश्न वयाचा आहे. ब्लास्ट फर्नेसचं आतलं विटांचं अस्तर पंधरा-वीस वर्षं टिकतं, आज पेटवलेली भट्टी २०४० च्या आधी कोणी विझवत नाही. भारतानं ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० ला निव्वळ शून्य उत्सर्जन म्हटलंय. त्याआधी आज पेटलेल्या भट्टीला दोन-तीनदा अस्तर बदलण्याचा प्रसंग येईल, आणि प्रत्येक वेळी 'पुन्हा कोक की दुसरं काही' हे तिथेच ठरेल.

प्रबंधासाठी एक सल्ला. एकूण जीडीपी आणि एकूण कार्बन यांचं सरळ रिग्रेशन लावू नका. दोन्ही रेषा काळाबरोबर वरच जाणाऱ्या, त्यामुळे सहसंबंध भरघोस निघेल आणि त्यातून कळणार काहीच नाही. कायाच्या चार घटकांत फोड करा, २००५ पासून प्रत्येकाचा वार्षिक वाढीचा दर काढा आणि पाच-पाच वर्षांचे टप्पे पाडून बघा. ऊर्जा आणि जीडीपीचं गुणोत्तर बऱ्यापैकी घसरलेलं दिसेल, ऊर्जेमागचा कार्बन मात्र बराच काळ जागचा हललेला दिसणार नाही. वीजक्षेत्र वेगळं काढा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर महिन्याला इंधननिहाय निर्मितीचे आकडे जाहीर करतं, ते फुकट मिळतात. त्यात मेगावॉटचा रकाना सोडा आणि युनिटचा धरा.